बैलाच्या शेपटीबाबत जाहीर सूचना

समस्त मानवजातीस कळविण्यात येते की, बैलाची शेपटी ही चावण्याची वस्तू नाही.

हे ऐतिहासिक वाक्य मी पूर्ण शुद्धीवर असताना, भर दुपारी, दोन भोंग्यांतून उच्चारलेलं आहे. धुळ्याकडे आमच्या आत्याच्या गावी जत्रेत बैलगाड्यांची शर्यत असते आणि जळगावहून आलेल्या माझ्यासारख्या मोठ्या घशाच्या पाहुण्याला तिथे माइक मिळतो. त्या वर्षी मी नियम वाचत होतो. काठी नाही, चाबूक नाही, खिळा नाही, विजेचा झटका नाही. गाडीवानांतून एक जण ओरडला, "दात चालतीन ना, भाऊ?" सगळं मैदान हसलं. जनावरांचे डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या आणि मी वरची घोषणा केली.

प्रश्न अगदी व्यवहारी होता. माझ्या लहानपणी ही शर्यत म्हणजे खाटीकखानाच, फक्त धावता. बैल टोचायच्या काठीच्या, पराणीच्या टोकाला खिळा, खिळ्याला मिरचीपूड. बैलांच्या पुठ्ठ्यांची चाळण व्हायची. शेवटच्या टप्प्यात गाडीवान वाकून शेपटी तोंडात धरायचा आणि दाताला हाड लागेपर्यंत चावायचा. एकदा एका बैलाचा पाय चरात मोडला. जोडीतल्या दुसऱ्या बैलाने त्याला तसाच फरफटत रेषेपर्यंत नेला. कातडीतून हाड बाहेर आलं होतं आणि शेजारी पंच निकालावरून एकमेकांच्या गचांड्या धरत होते. आम्ही पोरं बाभळीवर बसून शिट्ट्या मारत होतो.

पुढे कोर्टाची बंदी आली. काही वर्षं शर्यतीच्या त्या पट्टीवर कापूस पिकला. मग बंदी उठली, पण शर्यत एकटी परतली नाही. तिच्याबरोबर डॉक्टर आले, पोलीस आले, कॅमेरा आला.

आत्याला या शर्यतीचा पहिल्यापासून राग. तिच्या जोडीतला डावा बैल तिने वासरू असताना बाटलीने दूध पाजून वाढवलेला. त्याची आई व्यायल्यावर लगेच मेली होती. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, आठवडाभर तिच्या मागे लागला होता. "माय, आता कायदा शे. कोणी हात लावत नही." शेवटी तिने जोडी दिली, पण सगळ्यांसमोर बजावून. "मना बैलवर एक ओरखडा दिखना, तर तुले घर बंद!" आणि स्वतः येऊन माझ्या मंचाला पाठ टेकून बसली.

झेंडा पडला. एकीकडे आमची जोडी, छकडीवर आतेभाऊ; दुसरीकडे जामनेरची जोडी, शिंगाला शिंग. मी किंचाळत होतो, भोंगे किंचाळत होते. निम्म्या पट्टीनंतर जामनेरवाले हातभर पुढे गेले. आतेभाऊ ओरडला, हातवारे केले, बैलांना देवाची शपथ घातली. मग त्याने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. आणि त्याचं तोंड दिसेनासं झालं.

पुढचं सगळं एका श्वासात घडलं. डाव्या बैलाने हंबरडा फोडून मागचा पाय झाडला. खूर थेट जबड्यावर. आतेभाऊ गोफणीतल्या दगडासारखा बाजूला उडाला. छकडी उलटली आणि ती उलटी छकडी घेऊन जोडी पट्टी सोडून गर्दीत घुसली. रसवंतीचा चरक आडवा, ऊस चौफेर, बर्फाची लादी पोलिसाच्या पायावर. एक पंच टँकरवर चढला, दुसरा त्याच्या खांद्यावर. जू मोडलं. उजवा बैल शेतात पळाला. डावा सरळ मंचाकडे आला आणि आत्यासमोर थरथरत उभा राहिला. गुडघा सोललेला, नाकातून फेस.

आत्याने त्याच्या पाठीवरून हात फिरवत नेला. शेपटीपाशी हात ओला झाला. तिने शेपटी उचलली. वर एक, खाली एक, दातांच्या दोन लाल कमानी. डॉक्टर वाकून बघायला लागले, पण तिला डॉक्टरची गरज नव्हती.

तेवढ्यात आतेभाऊ लंगडत आला. ओठ फाटलेला, पुढचे दोन दात गायब, हनुवटीवरून रक्ताची धार, आणि त्या रक्तात चिकटलेले शेपटीचे केस. म्हणाला, "मी काहीच करं नही, माय!"

पोलीस बर्फाने ठेचलेला पाय चोळत शेजारीच उभा होता. आत्याने त्याच्या हातातला दंडुका हिसकला. पहिला फटका पाठीत, दुसरा पोटरीवर, तिसरा चुकवायला तो खाली बसला तर डोक्यात. "बाटलीना दूधवर वाढाडेल शे तो!" फटका. "तू माणूस शे का कुत्रा?" फटका. माझा माइक चालूच होता, प्रत्येक फटका दोन भोंग्यांतून गावभर जात होता. पोलीस मध्ये पडला, एक कोपरावर खाऊन मागे सरला आणि हात जोडून म्हणाला, "अक्का, थांबा! असं मारता येत नाही. कायदा आहे, कायदा!"

आत्याने दंडुका पुन्हा उगारला.

"कायदा बैलले शे, याले नही!"