मंदाताईंच्या कॅम्परमधलं हळदीकुंकू

मंदाताई लंडनमध्ये, पिनरच्या घरी वारल्या नाहीत.

हे आधी लिहून टाकते. कारण कालपासून आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर "राहत्या घरी, कुटुंबीयांच्या सान्निध्यात शांतपणे निधन" असं फिरतंय.

सान्निध्यात कोणीही नव्हतं. वॉटफर्डच्या पुढे एका शेतावरच्या कॅम्पसाइटवर, पिकअप ट्रकच्या पाठीवर बसवलेल्या कॅम्परमध्ये, म्हणजे त्यांच्या फिरत्या घरात, त्या एकट्या झोपल्या आणि उठल्या नाहीत. शेताच्या मालकिणीने सकाळी दार वाजवलं तेव्हा कळलं.

तेव्हा ते हात जोडलेले इमोजी आणि "खूप प्रेमळ व्यक्तिमत्त्व" वगैरे आता बास करा. चार वर्षांत तुमच्यापैकी किती जणी तिथे फिरकलात?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

मंदाताई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. हाउन्सलोला एअर कार्गोत वीस वर्षं काम केलं. रिटायर झाल्या त्याच महिन्यात नवऱ्याला, म्हणजे आपल्या मंडळाच्या मधूकाकांना, सांगितलं, "मी निघते."

मारहाण नाही, दारू नाही. चारचौघांत बायकोचं प्रत्येक वाक्य दुरुस्त करणारा माणूस, एवढंच.

"एवढंच" हा शब्द तुमचा आहे. माझा नाही.

मग त्यांनी पिकअप घेतला आणि त्यावर बसणारा सेकंडहँड पॉप-अप कॅम्पर. गाडी चालवताना त्याचं छप्पर खाली बसतं. थांबलं की ते वर ढकलायचं, मग मधल्या कापडाच्या भिंती ताणल्या जातात आणि आत सरळ उभं राहता येतं.

मधूकाका मंडळात म्हणाले, "दोन आठवड्यांत येईल परत." सगळे हसले. मीही हसले.

त्या परत आल्या नाहीत. अख्खा कॅम्पर स्वतःच्या हाताने लावला. प्रत्येक वस्तू किचनच्या काट्यावर तोलून मगच आत.

"पिकअपने किती वजन घ्यायचं ते ठरलेलं असतं गं. विमानांतल्या मालाच्या वजनाचा हिशोब केलाय मी, मला कोणी शिकवू नये."

पितळी समई बाद. बिडाचा तवा बाद. तीन लिटरचा कुकर मात्र राहिला.

एका राउंडअबाउटवर वळताना हळदीची बरणी सुटून अख्खं अंथरूण पिवळं झालं, तेव्हा सगळ्या कपाटांना कॅच बसवले. फोडणी बाहेर, दाराशी एका बर्नरवर करायच्या, कारण आत केली की कापडातून आठवडाभर हिंगाचा वास जात नाही. थंडीत त्या कापडाला आतून पाणी सुटायचं. रोज सकाळी टॉवेल घेऊन पुसत बसायच्या आणि रेडिओ ऐकायच्या.

मी एकदा छप्पर उचलायला पुढे झाले तर माझा हात बाजूला केला.

"आधी पुढची बाजू उचलायची. मागची आधी उचललीस तर अडकतं. आणि सरक, माझं घर आहे, मी उचलते."

तुम्ही त्या घराला काय म्हणायचात? टपरी. डबा. म्हातारपणीची थेरं.

आता या संक्रांतीचं सांगते.

मंदाताईंनी हळदीकुंकू ठेवलं. कॅम्परमध्ये. अकरा जणींना मेसेज केला, "घर लावून झालंय. आत एका वेळी तिघी बसतात, बाकीच्यांना बाहेर खुर्च्या मांडते. चार वाजता या."

चार वर्षांत त्यांनी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. हे मागितलं. कोणीतरी पायरी चढून आत यावं, घरी आल्यासारखं बसावं, दुसरं काही नको होतं त्यांना.

अकराच्या अकरा थंब्स-अप आले.

आणि मग खासगीत फोन सुरू झाले. "नवऱ्याला सोडलेल्या बाईकडून कुंकू लावून घ्यायचं?" बोलणारीचं नाव लिहीत नाही. कालची सगळ्यात लांबलचक पोस्ट तिचीच आहे.

"मधूकाकांना काय वाटेल?" "तिथे चिखल असेल." "सिल्क नेसून ती शिडी कशी चढायची?"

एकही बाई त्यांच्या दारात गेली नाही.

आता मला विचारा, नीता, तू गेलीस का?

गेले. शेताच्या गेटपर्यंत.

साडेचारला अंधारून आलं होतं. आत दिवा लागला होता, आणि कापडाच्या भिंतीवर मंदाताईंची सावली दिसत होती. बसल्या. उठल्या. ताट जरा सरकवलं. परत बसल्या.

बाहेर मांडलेल्या खुर्च्या रिकाम्या. दुसरी एकही गाडी नाही.

मी एकटीच गेले हे उद्या पिनरभर होईल सगळ्यांच्या तोंडी, मधूकाका माझ्या नवऱ्याला बोलतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. गाडी वळवली आणि घरी आले.

घरी येऊन मेसेज टाकला, "सॉरी ताई, एम-ट्वेंटीफाइव्हवर ट्रॅफिकमध्ये अडकले."

म्हणजे सगळ्यांत नालायक मी. तुम्ही निदान घरातून निघाला तरी नव्हतात.

आठवड्याने त्या तिळाच्या वड्या घेऊन माझ्याकडे आल्या. चहा घेतला. ट्रॅफिकचा विषय मीच काढला, कुठे लेन बंद होती, किती वेळ गेला, सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

निघताना बुटाची लेस बांधत म्हणाल्या,

"कापडाच्या भिंती गं. गेटवरचंसुद्धा आत ऐकू येतं. तुझ्या गाडीच्या इंजिनचा बेल्ट फार किंचाळतो. बदलून घे, रस्त्यात तुटायचा एखाद दिवशी."

मी "हो" म्हटलं.

त्यानंतर दर रविवारी त्या मला फोन करायच्या. दर रविवारी मी ठरवायचे, आज बोलू. आणि बोलायचे हवापाण्यावर.

मंदाताई, त्या दिवशी गेटवर मीच होते. मी घाबरले आणि तुम्हाला तसंच बसवून निघून आले.

मला माफ करा.

निघालात, तर या ताई आता.

— नीता