सागवानाला लागलेली वाळवी

आमच्या सासऱ्यांनी माझ्या लग्नात माझ्यासाठी उंबरा बसवून घेतला होता. दागिना नाही, साडी नाही, उंबरा! पूर्व दिल्लीतल्या सोसायटीच्या फ्लॅटला कुठला आलाय उंबरा. दार उघडलं की थेट फरशी. पण पुण्याहून सून येणार, ती माप ओलांडणार कुठे? म्हणून ते कीर्तिनगरच्या लाकूडबाजारात गेले आणि सागवानाची जाडजूड पट्टी घेऊन आले. येईल त्याला दाखवायचे. "अस्सल सागवान. सात पिढ्या वाळवी लागायची नाही." मी तांदळाचं माप लवंडलं तेव्हा सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "सांभाळून. पाय उचल, शालू अडकेल."

सासरे गेले. आम्ही गुडगावला, सासूबाई तिथे एकट्या, आणि तिसऱ्या मजल्याला लिफ्ट नाही. गुडघ्यांनी अगदीच दगा दिला तेव्हा त्या फ्लॅट विकायला तयार झाल्या. अट एकच घातली. "किल्ल्या द्यायच्या दिवशी उंबऱ्याची पूजा करीन आणि मग निघेन. तोवर त्याला हात लावू नका."

"आई, ही काय सांगायची गोष्ट आहे?" मी म्हटलं होतं. अगदी तोंड वर करून.

मग ब्रोकर आला. "मॅडम, सौदा तो दरवाजे पर ही हो जाता है," म्हणाला. जाळीचं दार काढा, चपलांचं कपाट काढा, ते वाळलेलं तोरण तर आधी काढा. खोटं कशाला बोलू, मला त्यात मजाच यायला लागली. मी सुट्टी टाकून तिकडेच मुक्काम ठोकला. दाराला गडद निळा रंग दिला, पितळी मूठ आणली, दोन्ही बाजूंना कुंड्या, वर पिवळसर दिवा. सासूबाई खुर्ची टाकून बघत बसायच्या. "लग्नघर वाटतंय हो," म्हणाल्या. तरी एक पार्टी आली नि गेली, दुसरी आली नि गेली, आणि माझं डोकं फिरलं. तेव्हा ब्रोकरने उंबऱ्याकडे बोट दाखवलं. "ये भी हटवा दो. आजकल सबके घर रोबोटवाला झाडू है, अटकता है."

चैत्राचं हळदीकुंकू होतं. सासूबाई मैत्रिणीकडे गेल्या, आणि त्यांची रिक्षा गेटबाहेर पडताच मी मिस्त्रीला फोन केला. वाट बघत असल्यासारखा! त्याने पट्टी उखडली, तिथे काळा चकचकीत दगड बसवला आणि विचारलं, लाकूड घेऊन जाऊ? मी हो म्हटलं. डोळ्यांसमोर नको होतं मला ते.

सासूबाई परत आल्या. ओटीतले हरभरे सांभाळत दाराशी आल्या, सवयीने पाय उंच उचलला आणि पुढे टाकला तो भलताच खाली गेला. मी धरलं म्हणून पडल्या नाहीत. त्यांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडे.

"वाळवी लागली होती, आई." माझ्या तोंडून निघून गेलं.

"हो का," त्या म्हणाल्या, आणि हरभरे भिजत घालायला आत गेल्या. मी बाहेरच उभी राहिले. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, पण खरं सांगायला जीभ काही रेटेना.

पुढच्या रविवारी एक पंजाबी कुटुंब आलं. त्यांच्यातल्या आजींना दार फार आवडलं. नातवाचं लग्न ठरलेलं होतं. त्यांच्यात नवी सून दारात आली की उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना तेल ओततात. त्या खाली वाकून बघायला लागल्या. "बहू आएगी तो तेल कहाँ डालूँगी? दहलीज नहीं है?" मग चौकटीवरची खूण त्यांना दिसली. "थी तो सही. निकाली क्यों?"

ब्रोकर छताकडे बघायला लागला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"सागवान की थी," सासूबाई म्हणाल्या. "दीमक लग गई, तो मैंने ही निकलवा दी."

"सागवान को दीमक?"

"लग जाती है, बहनजी." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्याच कुटुंबाने फ्लॅट घेतला. सासूबाई मला दोन शब्द बोलल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या, तर मी पाय धरले असते. पण त्यांनी माझं खोटं आपल्या अंगावर घेतलं आणि माझी माफी मागायची सोयच ठेवली नाही.

किल्ल्या द्यायच्या दिवशी त्यांनी कुयरी काढली. गुडघ्यांमुळे खाली बसता येईना, म्हणून वाकून त्या काळ्या दगडावर हळदीकुंकू सोडलं. ते ठरेना, जिन्यातल्या वाऱ्याने सरकायला लागलं. त्यांनी हात जोडले. मग जिथे काही नव्हतं तिथे पाय उंच उचलून बाहेर पडल्या, आणि कठड्याला धरून मागे वळल्या.

"सांभाळून," त्या म्हणाल्या. "पाय उचल."

मी उचलला.