भांडणाऱ्या नवरा-बायकोचे सिनेमे

ती वही मला आमच्या स्कूटरच्या डिक्कीत सापडली. मी पुसायचं फडकं शोधत होते. साधी दोनशे पानी वही होती आणि आतलं अक्षर माझ्या नवऱ्याचं होतं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, "मी तुह्यावर चिडली नाई. चिडाले माणूस जवळचा लागते." त्याखाली कंसात, "हळू आवाजात, पण भरभर." पुढच्या पानावर, "लग्न मोडाचं तं नीट मोडा. असं अर्धवट काऊन ठेवता?"

मी तिथंच उन्हात उभी राहून वाचत राहिले.

माझा नवरा वर्ध्यात कापडाचं दुकान चालवतो. लग्नाला तेवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्याने मला लेखी कळवलेली सर्वात लांब गोष्ट म्हणजे "दूध आणलं आहे, तापवून घे". अशा माणसाने पानंच्या पानं लग्न मोडण्याबद्दल लिहावीत, याचा मला काही मेळ बसेना. आणि पाचव्या पानावर तर माझंच वाक्य होतं. "तुम्ही ऐकत नाई. माह्यं बोलणं संपाची वाट पाह्यता फक्त." कूलरची मोटर जळली त्या दिवशी जेवताना मी हे म्हणाले होते, शब्दाला शब्द. म्हणजे आमच्या घरातलं बोलणं हा माणूस कुठंतरी नेऊन कुणाला तरी ऐकवत होता.

मी गणित शिकवते. परीक्षेच्या दिवसांत आमच्या शाळेत मला मागच्या दाराशी उभं करतात, कारण पोराची मान पाहून तो कॉपी करतोय की विचार, हे मला कळतं असा माझा लौकिक आहे. मी वही होती तशी ठेवून दिली आणि नवऱ्याच्या मानेकडे लक्ष ठेवू लागले.

दुकान गुरुवारी बंद असतं. गेले चार महिने दर गुरुवारी दुपारी दोनला तो बाहेर पडायचा. समुद्रपूरला एका मित्राच्या शेतावर जातो, असं सांगायचा. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. आता वाटू लागलं. समुद्रपूरहून आलेल्या माणसाच्या चपलेला माती कशी नाही? परत आल्यावर तो स्वतःशी हसतो कशाला? त्याच आठवड्यात शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांना पाह्यलं मी परवा, आंजीच्या रस्त्यावर. गाडीवर एकटेच बोलत चालले होते. हातवारे पण करून राह्यलते."

"फोनवर असतील," मी म्हणाले.

आंजी हे गाव वर्ध्याच्या एका दिशेला आणि समुद्रपूर दुसऱ्या दिशेला. यासाठी गणिताची शिक्षिका असावं लागत नाही.

पुढच्या गुरुवारी सकाळी, मी शाळेला निघायच्या आधी, तो आंघोळीला गेला तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा त्याचा फोन उघडला. एक नंबर नुसत्या 'आंजी' या नावाने होता. मी लावला. पलीकडून बाईचा आवाज आला, बारीक आणि कोवळा. "हां, बोल. आज येतं नं? मागच्या गुरुवारी अर्ध्यातच सोडून गेलता तू. पुढं काय होते म्हणून माह्या जिवाले चैन नाई."

मी फोन बंद केला. पलीकडचा आवाज आत पोचला असावा. तो बाथरूममधून ओरडला, "कोणाचा फोन होता?"

"राँग नंबर," मी म्हणाले. तेवीस वर्षांतलं माझं पहिलं खोटं मी इतक्या सहज बोलले की मलाच स्वतःचा संशय आला.

माझी शाळा सकाळची. तो दोनला निघाला आणि मी अडीचच्या एसटीने आंजीला गेले. स्टॉपवर उतरून गावातून चालत सुटले. स्कूटर शोधायला वेळ लागला नाही. निळ्या फाटकाच्या एका बैठ्या घरासमोर ती उभी होती. खिडकी उघडी होती. आतून माझ्या नवऱ्याचा आवाज येत होता, पण तो बाईसारखं बोलत होता.

"मले तुमची गरज नाई. मले फक्त तुमची गाडी पाह्यजे. गाडी तुमच्याशिवाय चालत नाई, हा तिचा दोष."

त्यावर एक म्हातारा पुरुष खळखळून हसला, आणि जरा वेळाने एक बाई हसली. तोच बारीक आवाज. मी काय विचार करावा हे ठरवायच्या आत दार उघडलं. सत्तरीच्या पुढच्या एक काकू हातात गाळणी घेऊन उभ्या होत्या.

"तुम्ही त्याच्या मिसेस नं?" त्या म्हणाल्या. "फोटो पाह्यलाय मी. या, आत या, चांगल्या जागी आला सिनेमा."

आत टेबलावर लॅपटॉप होता. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चित्रात एक गोरी बाई आणि एक गोरा माणूस एका मोटारीत बसून भांडत होते. समोरच्या खुर्चीत काळा चष्मा लावलेले एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांचं तोंड पडद्याकडे नव्हतं, माझ्या नवऱ्याकडे होतं. आणि माझा नवरा, ती वही हातात घेऊन, मला पाहून शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला.

ते त्याचे कॉलेजातले इंग्रजीचे सर, आणि काकू त्यांच्या पत्नी. काचबिंदूने दोन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. तरुणपणी नागपुरातल्या फिल्म सोसायटीत त्यांनी हे जुने अमेरिकन विनोदी सिनेमे पाहिले होते आणि जन्मभर त्यांच्यावर प्रेम केलं होतं. नवरा एकदा त्यांना भेटायला गेला तेव्हा ते म्हणाले, चित्र तर गेलंच, आता ते भरभर इंग्रजीही डोक्यात शिरत नाही. मग हा कामाला लागला. घरी, दुकानात, मिळेल तेव्हा पडद्याखाली उमटणारी इंग्रजी अक्षरं वाचून तो आधी सगळे संवाद वऱ्हाडीत लिहून काढायचा आणि गुरुवारी सिनेमा चालू असताना सर्वांचे आवाज काढून म्हणून दाखवायचा. मध्येमध्ये पडद्यावर काय घडतंय तेही सांगायचा. स्कूटरवर तालीम चालायची.

"बाई," सर मला म्हणाले, "तुमचे डायलॉग फार उत्तम असतात. मूळ सिनेमापेक्षा चांगले."

परतीच्या वाटेवर मी मागे बसून तोंड उघडलं. "माह्यं भांडण तुम्ही लोकायले ऐकवून राह्यले?"

"ती बाई जे बोलते ते मराठीत कसं म्हणावं, समजत नव्हतं मले. मग तू बोलली का मी लिहून ठेवत जाओ."

"आणि मले सांगितलं काऊन नाई?"

त्याने स्कूटरचा वेग कमी केला. मग म्हणाला, "तुह्या भावाच्या लग्नात मी इंग्रजीत बोललो तं तू सगळ्यायसमोर सुधारून देल्लं. सारे हासले. आता म्हटलं असतं का मी इंग्रजी सिनेमाचा अनुवाद करून राह्यलो, तं तू काय म्हणली असती?"

काय म्हणाले असते हे मला ठाऊक होतं. त्याने वडिलांच्या आजारपणामुळे शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडलं होतं. त्याला त्याची बोच असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मीही गेले. खरं सांगायचं तर नजर ठेवायलाच गेले. एका निरुपद्रवी कारणामागे दुसरं कारण असू शकतं. पण कोपऱ्यात बसून पाहता पाहता मला सिनेमाचाच संशय येऊ लागला. प्रत्येक गोष्टीत एक श्रीमंत, डोकेबाज बाई, एक गडबडलेला पुरुष, आणि दीड तास तोंडाला तोंड. नवरा-बायको घटस्फोट घेतात आणि एकमेकांची नवी लग्नं मोडायला जिवाचं रान करतात. मी सरांना विचारलं, एवढी भांडणारी माणसं एकमेकांवर प्रेम करतात हे कशावरून?

सर म्हणाले, "हे अमेरिकेतल्या १९३०च्या मंदीच्या काळातले सिनेमे. हाताला काम नसलेल्या लोकांना श्रीमंतांची फजिती पाहायची होती. त्यात सेन्सॉर कडक. नवरा-बायकोला एका पलंगावर दाखवायची सोय नव्हती. मग लिहिणाऱ्यांनी सगळी जवळीक बोलण्यात घातली. हे भांडत नाहीत, बाई. हा यांचा शृंगार आहे."

मला ते पटलं नाही. आमच्या घरात भांडण म्हणजे भांडणच असतं. मात्र त्यानंतर एक नवी पंचाईत झाली. नवरा घरात काही वाकडं बोलला की मी थांबून पाहायची, हा खरंच चिडलाय की मजकूर गोळा करतोय. एकदा भाजीवरून बोलताना त्याचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. मी उरलेलं वाक्य गिळून टाकलं.

दोन-तीन आठवड्यांनी बायकांचे आवाज माझ्याकडे आले. नवऱ्याचा बाईचा आवाज काकूंना सहन होत नव्हता. एका सिनेमात शेवटी त्या बाईला कळतं की नवऱ्याने आपल्याला फसवून परत आणलंय, आणि तरी ती हसून त्याच्या गळ्यात पडते. वहीत लिहिलं होतं, "चाला, झालं ते झालं."

मी म्हणाले, "हे मी म्हणणार नाई."

"लिहिलं तसं म्हण नं," नवरा म्हणाला.

"नव्वद मिनिटं ती इतकी हुशार होती. दोन मिनिटांत काय झालं तिला?"

सरांनी हात वर केला. "पडद्यावर काय होतंय ते सांगा, आणि मग तुमचं मत वेगळं सांगा." तेव्हापासून तसाच रिवाज पडला. मी सांगायची, "ती हो म्हणते आहे. मला पटलेलं नाही." काकू दर वेळी मान डोलवायच्या.

उन्हाळ्यात मुलगी पुण्याहून आली. ती फोनवर कुठलासा नवा प्रेमाचा सिनेमा पाहत होती. दोन अनोळखी माणसं कुणाच्या तरी लग्नाला नवरा-बायको असल्याचं सोंग घेऊन निघतात. मी तिच्या खांद्यावरून पाहत म्हणाले, आता यांची गाडी चुकेल, एकच खोली मिळेल, आणि तिचं लग्न कुण्या सरळमार्गी माणसाशी ठरलेलं निघेल. तसंच झालं.

"आई, तू पाह्यलाय का हा?"

"नाई. याचा आजा पाह्यला."

मी सरांना सांगितलं, ही सरळ कॉपी आहे. सर म्हणाले, "आपल्या हिंदीतही तेच आलं. घरातून पळालेली मुलगी, बसमधला फाटका पत्रकार, रुसवे, फुगवे. पण येताना एक वस्तू वाटेत सांडली. तिकडे ती बाई त्याला दोन वाक्यांत गप्प करायची. आपल्याकडे तो गाणं म्हणत तिच्या मागे फिरतो आणि तिचं 'नाही' कुणी ऐकतच नाही." हे मात्र मला लगेच पटलं.

याच सुमारास माझ्या एक गोष्ट लक्षात आली. सर आधी हसायचे. नवऱ्याचं किंवा माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत, पडद्यावरचा माणूस बोलला की लगेच. काकू आमचं वाक्य संपल्यावर हसायच्या. ज्या पोराचं उत्तर आधी येतं आणि पायऱ्या नंतर, त्याला मी नेहमी उभं करते.

काकू चहा टाकायला गेल्या होत्या, नवरा मेडिकलमधून सरांचे डोळ्यांचे थेंब आणायला गेला होता. मी विचारलं, "सर, तुम्हाला इंग्रजी सगळं समजतं ना?"

त्यांनी आधी स्वयंपाकघराच्या दिशेने कानोसा घेतला. "चाळीस वर्षं मी आतल्या खोलीत एकटा हे सिनेमे पाहून हसत होतो. ती बाहेर बसून असायची. कधी विचारलं नाही मी तिला. डोळे गेल्यावर सुचलं. पण तिच्यासाठी करतोय म्हटलं असतं तर ती बसली नसती. म्हणाली असती, माझ्यासाठी कुणाला त्रास नको. तिला सांगू नका."

मी कबूल केलं. निघताना काकू मला कढीपत्ता तोडून द्यायला फाटकाशी आल्या. माझ्या तोंडावर काही दिसलं असावं.

"सरायनं सांगितलं वाटते तुम्हाले," त्या हळूच म्हणाल्या. "अमेरिकेतल्या नातवासोबत फाडफाड इंग्रजी बोलते फोनवर तो माणूस. मले काय दिसत नाई? पण त्यायले वाटते मले ठाऊक नाई, तं राहू द्या. सांगू नका त्यायले."

तेही मी कबूल केलं. एकाच घरातली दोन गुपितं एकमेकांपासून जपायचं काम माझ्याकडे आलं, आणि ती दोन्ही गुपितं एकच होती.

गाडी गावाबाहेर पडली तसा नवरा म्हणाला, "पुढचा सिनेमा लई फास्ट आहे. सर म्हणतात, बिलकूलच समजत नाई त्यायले. लई मेहनत घ्या लागन."

त्याला खरंच काही माहीत नव्हतं, की तोही सांभाळून घेत होता? मी आरशात त्याचा चेहरा पाहायचा प्रयत्न केला. हेल्मेटमुळे काही दिसलं नाही.