दसूकीची खुर्ची

दसूकी शहाताने वाजवायला सुरुवात केली ती न वाजवण्यापासून. हे सांगितलं की लोकांना थट्टा वाटते, पण मुहम्मद अली रस्त्यावर कुणालाही विचारा.

त्या रस्त्यावरच्या कॉफीच्या दुकानांत बँडवाले बसलेले असतात. लग्न असो, सुंता असो, नाहीतर हजहून परतलेला कुणी असो, कैरोतला माणूस बँड ठरवायला तिथेच येतो. गिऱ्हाइकाला बारा माणसांची मिरवणूक हवी असते आणि उस्ताकडे, म्हणजे बँडच्या म्होरक्याकडे, वाजवणारे असतात सात. मग उरलेल्या पाचांना पितळी बटणांचा कोट चढवायचा, हातात वाद्य द्यायचं आणि गाल फुगवून चालायला सांगायचं. असल्या माणसाला आमच्याकडे ‘कोटवाला’ म्हणतात, आणि तो शब्द कुणी कौतुकाने उच्चारत नाही. सोळाव्या वर्षी दसूकी कोटवाला झाला. चुकून आवाज निघू नये म्हणून त्याच्या ट्रॉम्बोनच्या कर्ण्यात फडकं कोंबलेलं असे.

बाकीचे कोटवाले ट्रॉम्बोनची सरकती नळी वाटेल तशी पुढे-मागे ढकलत. दसूकीला ती लबाडी जमेना. शेजारचा खरा वादक नळी जिथे नेई, नेमकी तिथेच तो आपली नेई. ट्रॉम्बोनला पडदे नसतात, बटणं नसतात; सुराची जागा हाताला ठाऊक असावी लागते. दोन वर्षं फडक्यामागे मुकी नळी सरकवून दसूकीच्या हाताला सातही जागा पाठ झाल्या. मग एका लग्नात खरा वादक तापाने फणफणला. उस्ताने दसूकीचं फडकं ओढून काढलं आणि सांगितलं, हळूच फुंक, चुकलास तरी ढोलाखाली झाकून जाईल.

दसूकीने हळूच फुंकलं आणि एकही सूर चुकला नाही. पण ते ‘हळूच’ त्याच्या अंगात कायमचं मुरलं. रस्त्यावरचा ट्रॉम्बोन म्हणजे भिंती हादरवणारा. दसूकीचा सूर ढोलाच्या खालून, दबक्या पावलाने यायचा, आणि गच्चीवरच्या बायका बोलणं थांबवून खाली वाकायच्या.

असाच तो एकदा ओहानेसच्या कानी पडला. ओहानेस हा आर्मेनियन गृहस्थ शहराच्या मोठ्या वाद्यवृंदातला पहिला ट्रॉम्बोन. मिरवणुकीमागे तो चार गल्ल्या चालला, दसूकीचा पत्ता घेतला आणि पुढची तीन वर्षं त्याला घरी बोलावून कागदावरचं संगीत वाचायला शिकवलं. त्रेसष्ट साली वाद्यवृंदात दुसऱ्या ट्रॉम्बोनची जागा निघाली तेव्हा त्याने दसूकीला चिकटवून दिलं. वर्षभर तात्पुरतं, मग परीक्षा, आणि त्यात उतरला तर खुर्ची कायमची.

दसूकीला वाढवलं ते हमीदा मावशीने, रस्त्यावर डाळ-भाताच्या कोशरीची गाडी चालवून. तिने गल्लीभर सांगितलं की आमचा पोरगा आता थिएटरात बसून वाजवणार, उन्हातान्हात चालायचं संपलं. उस्ताने दसूकीची जागा दुसऱ्याला दिली. म्हणजे परतीची वाट बंद. खुर्ची मिळाली नाही तर तेविसाव्या वर्षी पुन्हा गाल फुगवत हिंडायचं, तेही ज्या रस्त्याने वाजतगाजत निरोप दिला त्याच रस्त्याने.

पहिल्याच कार्यक्रमाला मावशी आली. काळी मेलाया, अंगभर घ्यायची ती चादर, नीट लपेटून वरच्या सज्जात बसली आणि बघते तर काय, सगळे वाजवताहेत आणि आपला दसूकी मांडीवर ट्रॉम्बोन घेऊन गप्प. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. त्या कृतीत ट्रॉम्बोनला शेवटच्या भागापर्यंत काम नव्हतं, ट्रॉम्बोनचे तिघेही वादक मनात मात्रा मोजत बसले होते. मावशीला ते काय माहीत? तिने कपाळावर हात मारला. एवढ्या मोठ्या थिएटरातही माझ्या पोराला कोटवालाच केलं, असं तिच्या मनाने घेतलं, आणि रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी तिघांनी ट्रॉम्बोन ओठांना लावले. दसूकी फुंकतोय हे दिसताच मावशीचा जीव भांड्यात पडला आणि तिने जीभ हलवून असं काही लुलुलुलु केलं की थिएटर दणाणलं.

आता मिरवणुकीत बाईने लुलुलु केलं की बँडने जे चाललंय ते सोडून तिला सलामी द्यायची, हा रिवाज. त्यात विचार करायचा नसतो, नाहीतर घरधन्याचा अपमान होतो. दसूकीने विचार केला नाही. बाकीचे दोघे मशिदीत बोलावं तसे हळुवार सुरू झाले आणि दसूकीने कर्णा वर उचलून लग्नाची सलामी ठोकून दिली. चारही सूर, पूर्ण ताकदीने.

वाद्यवृंदाचे संचालक मायस्त्रो मुराद हिक्मत व्हिएन्नात शिकून आलेले. काठी न थांबवता त्यांनी कृती संपवली. पडदा पडल्यावर ते सावकाश शेवटच्या रांगेपाशी आले.

“शहाता एफेंदी,” ते म्हणाले, “नवरी पोचली का व्यवस्थित?”

साठ माणसं हसली. त्या दिवसापासून मायस्त्रोंच्या तोंडी दसूकीचं नाव ‘लग्नवाला’ झालं.

मावशीने घरी सगळा दोष स्वतःकडे घेतला आणि दोन दिवस जेवली नाही. दसूकीने तिला बोल लावला नाही, पण खुर्चीत बसला की त्याचं वाजवणं बिघडायचं. सूर बिचकत निघायचा, लांब ओळ आली की श्वास मध्येच तुटायचा. मायस्त्रो काठी आपटून म्हणायचे, लग्नवाल्याला पाणी द्या. ओहानेस घरी बोलावून पुन्हा पुन्हा शिकवी आणि त्यालाही कोडं पडे. चार वर्षांपूर्वी गल्लीत ऐकलेला सूर गेला कुठे?

परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना शेजारच्या सुताराच्या मुलीचं लग्न निघालं. बँडचा ट्रॉम्बोनवाला आयत्या वेळी आला नाही, आणि सुताराने दाराशी येऊन गळ घातली. वाद्यवृंदातल्याला बाहेर वाजवायची मनाई होती; थिएटरात कळलं असतं तर दसूकीला परीक्षेलाही बसू दिलं नसतं. तरी तो गेला. शेजाऱ्याच्या मुलीला नाही म्हणणारा माणूस गल्लीत राहू शकत नाही.

चालता चालता त्याने गंमत म्हणून परीक्षेचीच संथ ओळ फुंकली. सोळा मात्रांची, जिथे तो आठ महिने तुटत आला होता. ती एका श्वासात गेली. वर थोडा श्वास शिल्लकही राहिला. दसूकी भर मिरवणुकीत थांबला, मागचा ढोलवाला त्याच्या पाठीवर आदळला आणि त्याने आईवरून शिवी हासडली. दसूकीला ती ऐकूच आली नाही. सहा वर्षं तो डाव्या पावलावर श्वास घेत आला होता. त्याचा श्वास पायांत होता आणि थिएटराने त्याला खुर्चीत बसवलं होतं.

परीक्षेच्या सकाळी रंगमंचावर आडवा काळा पडदा लावला होता. ही कल्पना मायस्त्रोंचीच. लग्नवाल्याला आकसाने काढलं असं उद्या कुणी म्हणायला नको, म्हणून पडद्यामागून वाजवायचं आणि नावाऐवजी नंबर. समोर तिघे परीक्षक: मायस्त्रो, व्हायोलिनचा प्रमुख आणि ओहानेस. उमेदवार चार, त्यांतला एक परदेशातून पदवी घेऊन आलेला. दसूकीच्या हाती तीन नंबरची चिठ्ठी आली.

पडद्यामागे एक खुर्ची आणि समोर कागद ठेवायची घोडी. दसूकीने खुर्चीकडे पाहिलं. वर्षभर ज्या वस्तूसाठी जीव टाकला ती हीच. त्याने ती उचलून बाजूला ठेवली. मग एक पाऊल टाकलं आणि फळी करकरली. चालण्याचा आवाज बाहेर गेला तर कोण आहे ते आंधळ्यालाही कळलं असतं. म्हणून त्याने बूट काढले, मोजे काढले, खुर्चीखाली जोडीने ठेवले, आणि अनवाणी चालू लागला.

कागदाकडे त्याने पाहिलंच नाही. सहा पावलं तिकडे, सहा इकडे, डाव्यावर श्वास. पहिला सूर इतका हळू निघाला की व्हायोलिनचा प्रमुख पुढे वाकला. मग तो सूर फुगत गेला, कुठेही कोपरा न लागता एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकत गेला. हाताने मुक्या नळीवर शिकलेलं सगळं त्यात होतं. सोळा मात्रा संपल्या तरी तो थांबला नाही, पुढची ओळही त्याच श्वासात घेतली. लिहिणाऱ्याने मध्ये श्वासाची खूण केली होती. दसूकीला तिची गरज पडली नाही, आणि ते त्याला कळलं तेव्हा वाजवता वाजवता हसू आवरेना.

पडद्यापलीकडे मायस्त्रोंनी उमेदवारांची यादी मिटून बाजूला ठेवली.

“आणखी ऐकायची गरज नाही,” मायस्त्रो म्हणाले. “मला हा तीन नंबर हवा. तीस वर्षांत या देशात असा ट्रॉम्बोन मी ऐकला नाही. आणि त्या लग्नवाल्याला निरोप द्या, उद्यापासून येऊ नकोस म्हणावं.”

ओहानेसने पहिल्या चार सुरांतच ओळखलं होतं. तो आपली नखं न्याहाळत बसला.

पडदा सरकला. दसूकी अनवाणी उभा होता, ट्रॉम्बोन छातीशी धरून. मायस्त्रोंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं, पुन्हा तोंडाकडे पाहिलं.

दसूकीची जीभ मुहम्मद अली रस्त्यावरची होती. “मायस्त्रो,” तो म्हणाला, “तीन नंबरला ठेवताय आणि लग्नवाल्याला काढताय. आता आमच्यातल्या नक्की कुणी घरी जायचं?”

ओहानेस खो खो हसत सुटला. मायस्त्रोंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ते उठून उभे राहिले, आणि उमेदवारापुढे ते कधी उठत नसत.

“कुणीच नाही, दसूकी बे,” साहेब म्हणावं तसं मानाने ते म्हणाले. “दोघंही या. तालीम दहाला आहे.”

त्या तालमीला गेलेला दसूकी सत्तावीस वर्षांनी निवृत्त झाला. एकट्याने वाजवायची लांब ओळ आली की शेवटच्या रांगेत तो उभा राही आणि जागच्या जागी एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत वाजवी. नव्या मायस्त्रोंना ते खटके, पण एकदा ऐकल्यावर त्याला बसवायची हिंमत कुणी केली नाही. ते सगळं पुढचं. त्या सकाळी त्याला एवढंच सुचलं की बूट घालायचेत. तो खुर्चीपाशी खाली बसला, नाडी बांधायला वाकला, आणि वाकल्या वाकल्या त्याने पोटभर रडून घेतलं.