ऐकेनासा झालेला कॉम्प्युटर

संधिवाताने माझ्या हातांची बोटं वाकडी केली तेव्हा मी पस्तिशीत होते. त्याआधी एका वकिलांकडे टायपिंग करून माझं चाललं होतं. आता पेला दोन्ही तळव्यांत धरून पाणी पिता यायचं, तेवढंच. भाऊ आणि वहिनी मला नाशिक रोडला त्यांच्या घरी घेऊन आले आणि पुढच्या खोलीतला खिडकीजवळचा कोपरा माझा झाला.

बोललेलं टाइप करणारा एक प्रोग्राम मिळतो, असं भावाने ऑफिसात कुणाकडून तरी ऐकलं आणि तो घेऊन आला. २००० साल उलटून गेलं होतं. त्या प्रोग्रामला फक्त इंग्रजी कळायचं, आणि तेही आधी माझ्या तोंडून शिकावं लागायचं. पडद्यावर येणारे उतारे मी रोज मोठ्याने वाचत बसायची. माझा 'व' त्याला काही केल्या पटत नव्हता. कुकरची शिट्टी झाली की तो तिचेही शब्द करून टाकायचा. शेजारच्या काकूंनी एकदा वहिनीला हळूच विचारलं, "त्या दिवसभर इंग्रजीतून कुणाशी बोलतात?"

पण तो शिकला. पुण्याच्या एका ऑफिसने मला भाषांतराचं काम दिलं. सातबारे, दवाखान्याचे कागद, विम्याचे अर्ज मराठीतून इंग्रजीत करायचे. कागद त्यांच्या वेबसाइटवरून घ्यायचा आणि झालेलं काम तिथेच चढवायचं. ब्राउझरमध्ये ज्या शब्दावर क्लिक करायचं तो शब्द मी उच्चारला की पान उघडायचं. एका दुपारी घरात कुणी नसताना मी एक अख्खा कागद घेतला, केला आणि पाठवला. कुणालाही हाक मारावी लागली नाही.

दोनेक वर्षं बरी गेली. मग एका सकाळी ब्राउझरची खिडकी वेगळी दिसली. वरची बटणं गोल झाली होती, रंग बदलला होता. ब्राउझरने आपोआप नवीन आवृत्ती घेतली होती. मी नेहमीचा शब्द म्हटला. काही झालं नाही. पुन्हा म्हटला, मग आवाज चढवून म्हटला.

वहिनी स्वयंपाकघरातून आली. "काय झालं, ताई?"

"ऐकत नाहीये."

"घसा बसलाय का तुमचा?"

घसा ठणठणीत होता. लिहिण्याच्या साध्या प्रोग्राममध्ये माझं बोलणं पूर्वीसारखंच उमटत होतं. फक्त ब्राउझर बहिरा झाला होता.

मी पुण्याला फोन लावून घेतला. तिथले गृहस्थ सभ्य होते. "मॅडम, बाकी सगळ्यांचं व्यवस्थित चालू आहे. तुम्ही माउसने क्लिक करून बघा ना."

"हात चालत नाहीत म्हणून तर बोलून करते."

"हो, हो, सॉरी," ते म्हणाले.

आवाजाच्या प्रोग्रामवाल्या कंपनीला मी बोलून मेल लिहिली, वहिनीने ती पाठवली. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. ब्राउझर बदलल्यामुळे अडचण आली आहे, आम्ही त्यावर काम करत आहोत, तोपर्यंत कृपया कीबोर्ड वापरावा. मी ते वहिनीला मराठीत सांगितलं. तिने माझ्या हातांकडे पाहिलं आणि गॅस बंद करायला निघून गेली.

स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरवाल्याने घरी येऊन जुना ब्राउझर परत बसवून दिला. महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग पुण्याची वेबसाइटच सांगू लागली, तुमचा ब्राउझर जुना आहे, आधी नवीन घ्या. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "आता माझ्या हातात काही नाही, ताई. ते म्हणतील तेच घ्यावं लागतं."

त्यानंतर वहिनी दुपारी माझ्याशेजारी बसायला लागली. तिचं माहेर देवळ्याचं, शाळा दहावीपर्यंत मराठीतून. पोळ्या आटोपून ती पदराला हात पुसत यायची आणि माउस धरायची. पान उघडून द्यायचं, कागद उतरवायचा, काम झालं की चढवायचं. मधल्या वेळात मी बोलत असायची तेव्हा ती न हलता बसायची, खुर्ची वाजली तरी कॉम्प्युटर भलतंच लिहील म्हणून. लोडशेडिंगमुळे वीज अर्ध्यातच गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिची दुपारची झोप गेली होती.

प्रोग्रामशी बोलून बोलून माझी जीभ तशीच वळली होती. "डाउन. स्टॉप. क्लिक." असंच तोंडातून निघायचं. एक दिवस वहिनीने माउस सोडला आणि शांतपणे म्हणाली, "ताई, मला मराठीत सांगितलं तरी कळतं."

मी म्हटलं, "वहिनी, जरा खाली घे गं."

"घेते," ती म्हणाली आणि तिने पान खाली घेतलं.

पुढे आवाजाच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. भावाने ती घेतली. मी पुन्हा पहिल्या उताऱ्यापासून वाचायला बसले, 'व' पुन्हा शिकवला, आणि ब्राउझर ऐकू लागला. त्या दिवशी वहिनी दुपारी झोपली. पावसाळा संपता संपता ब्राउझर परत बदलला आणि परत ऐकेनासा झाला. या वेळी मी मेल लिहिली नाही. काय उत्तर येईल ते मला माहीत होतं.

शेवटी पुण्याच्या त्या गृहस्थांनी एक वाट काढली. माझ्यापुरते छापील कागद कुरिअरने यायचे, मी भाषांतर बोलून ठेवायची आणि भाऊ संध्याकाळी ते मेलने पाठवायचा. घाईची कामं साहजिकच इतरांकडे गेली. मला उरलं त्यात भागत होतं. ब्राउझर मी क्वचितच उघडायची. कधी तो माझं ऐकायचा, कधी नाही, आणि नाही ऐकलं तर मी खिडकीबाहेर बघत बसायची.

वहिनीला मात्र सवय लागून राहिली होती. जेवणं झाली की ती दारात येऊन विचारायची, "आज चालू आहे का?"

"चालू आहे," मी ब्राउझर न उघडताच सांगायची.

"मग मी पडते जरा," ती म्हणायची, आणि आतल्या खोलीतला पंखा लावल्याचा आवाज यायचा.