कॅमेऱ्यासमोर आई हातांनी बोलायची

माझ्या आईने पंचवीस वर्षं कामतघरच्या एका कापडाच्या कारखान्यात कांड्या भरल्या. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसणारी सुताची नळी. ती संपली की लूम, म्हणजे यंत्रमाग, थांबतो, म्हणून कांडी भरणाऱ्या बाईने थांबायचं नसतं. सगळे लूम चालू असले की शेजारचा माणूस कानाशी ओरडला तरी ऐकू येत नाही, त्यामुळे तिथली माणसं हातांनी बोलतात. मूठ फिरवली की किल्ली. पोटावरून हात गोल फिरवला की शेठ आला, बघतोय, कामाला लागा. बाबा तिथेच लूमवर होते. "तुझ्या बाबानं मला पयल्यांदा काय सांगितलं ठाऊक हाय?" आई सांगायची. "केसातली पिन निसटलीय तुझी. हातानंच."

घरी जेवतानाही दोघं असंच बोलायची. मी ही भाषा अक्षरओळखीच्या आधी शिकले आणि शाळेत परीक्षेला तिचा भरपूर गैरवापर केला.

आमच्या घरात, आणि बाबांच्या अख्ख्या भावकीत, कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. हे मी कुणालाही सांगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मोबाइल अडला, फॉर्म भरायचा असला, गॅसचा नंबर लागत नसला की आमची अख्खी चाळ मला विचारायची. पुढे पुण्यात नोकरी लागली. कंपनीत आमच्या मजल्यावर फोन न्यायला बंदी आहे, आल्या आल्या तो लॉकरमध्ये ठेवायचा. जेवणाच्या सुट्टीत दीड वाजता तो हातात यायचा.

बाबा गेले आणि आई एकटी राहिली. पुण्याला यायचं नाव काढत नव्हती. तोपर्यंत लूमने तिचे कान जवळजवळ नेले होते. कानाचं मशीन घेऊन दिलं, तर ते तिने डब्यात ठेवलं. "ते लावलं की सगळे लूम परत चालू व्हतात गं." फोनवर आमचं बोलणं म्हणजे मी काही विचारायचं आणि तिने "हां, जेवले" म्हणायचं. मी काहीही विचारलेलं असो.

म्हणून मी धामणकर नाक्यावरून एक कॅमेरा घेतला. गोल डोक्याचा, मोबाइलवर बोट फिरवलं की मान वळवणारा. त्यातून बोलताही यायचं, पण आईच्या कानांना त्याचा उपयोग नव्हता. कपाटावर बसवला, वायफाय जोडलं. सगळं मीच केलं, माणूस बोलावला नाही. अ‍ॅपने विचारलं, पासवर्ड बदलायचा का? डब्यावर छापलेला पासवर्ड चालू होता. मी 'नंतर' दाबलं. आमच्या कंपनीत दर वर्षी पासवर्डवर ट्रेनिंग होतं, त्याचं सर्टिफिकेटसुद्धा माझ्याकडे आहे. पण ते कंपनीचं. आमच्या एका खोलीत कोण कशाला डोकावेल? एक पलंग, एक कपाट आणि माझी आई. बघण्यासारखं आहे काय आमच्याकडे? हे वाक्य मी तेव्हा मनात अगदी असंच म्हटलं होतं.

आणि मग आमची ती दुपारची वेळ सुरू झाली. दीडला मी कॅन्टीनच्या कोपऱ्यात डबा उघडायचे आणि आई पदर खोचून कपाटासमोर उभी राहायची. नळावर कोण कुणाशी भांडलं, कोलंबी कशी आली, शेजारच्या भाभीची सून कशी तोंड वाकडं करून पाणी भरते. सगळं हातांनी, आणि सुनेचं तोंड तिच्या तोंडाने. मी कॅमेऱ्याची मान डावी-उजवी करायचे, म्हणजे 'कळलं'. माझ्या बाजूला बसणाऱ्या मुली विचारायच्या, एकटीच काय हसतेस? बाबा गेल्यापासून आई इतकं बोललीच नव्हती. खरं तर मीही नव्हते.

कारखान्याचा एक रिवाज आहे. आपलं मशीन सोडून जायचं झालं तर शेजारच्याला खूण करून जायचं. कुठे चाललो, किती वेळाने येऊ. न सांगता कुणी जात नाही. आई घरात तसंच करायची, फक्त आता शेजारी कॅमेरा होता. दोन बोटं चालवायची, म्हणजे निघाले. मूठ फिरवून बाहेर मीटरच्या पेटीकडे बोट, म्हणजे किल्ली तिथे मागे. मग दोन बोटं वर, दोन तासांनी येते. विहारात जायचं असो की बाजारात, माझी वेळ असो की नसो. मला त्याचं कौतुकच वाटायचं.

एका शनिवारी मी घरी गेले. आई चहा गाळता गाळता म्हणाली, "बुधवारी काम न्हवतं का गं तुला? कवढा येळ बघत व्हतीस! मी मोरीत गेले तर मान मोरीकडं, चुलीशी गेले तर चुलीकडं. मग मी पन तुला शेवया कशा वळतात ते दाखवलं."

बुधवारी आमच्याकडे तपासणी होती. माझा फोन सकाळपासून संध्याकाळपर्यंत लॉकरमध्ये होता. जेवायलासुद्धा सोडलं नव्हतं.

मी काही बोलायच्या आत दारातून भाभी म्हणाली, "दीदी, वो कॅमेरे में आपका कोई भाई बोलता है क्या? बुधवार को मर्द की आवाज़ थी. दो जने थे. 'ए अम्मा, और हाथ हिला, नाच के दिखा', ऐसा बोल रहे थे. हँस रहे थे. मैंने सोचा, अपने घर के होंगे, मज़ाक कर रहे हैं."

आईला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. बुधवारीही नाही, आत्ताही नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने हातानेच विचारलं, काय म्हणते ही?

आमच्या त्या भाषेत यासाठी खूणच नव्हती. शेवटी पोटावरून हात गोल फिरवला, शेठची खूण, आणि कॅमेऱ्याकडे बोट केलं. आई आधी हसली. मग तिला समजलं. तिने पदर डोक्यावरून घेतला, स्टुलावर चढली आणि कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे केलं.

"कदीपासून?"

"ठाऊक नाही, आई."

किल्लीची खूणही त्या दोघांनी पाहिली असणार, म्हणून त्याच दुपारी कुलूप बदललं, किल्ली भाभीकडे दिली. चोरी झालेली नव्हती, घरातलं काहीही हललं नव्हतं. नाक्यावर दुकानदार म्हणाला, "ताई, डब्यावरचा पासवर्ड तसाच ठेवलात? तो सगळ्या डब्यांवर एकच असतो. तुम्ही शिकलेल्या दिसता." मी मान खाली घातली. त्याचं काही चुकलं नव्हतं.

मी नवा पासवर्ड टाकला, लांबलचक, कॅमेरा परत सरळ केला, आईला चारदा समजावलं की आता माझ्याशिवाय कुणी येणार नाही. ती हो म्हणाली. सोमवारी दीड वाजता मी कॅमेरा उघडला. आई समोर उभी होती, पण हात पदराखाली. मी मान डावी-उजवी केली. ती दाराकडे बघत राहिली. थोड्या वेळाने भाभीच्या फोनवरून तिचा फोन आला. माझं बोलणं भाभी तिला हातवारे करून सांगत होती.

"बाय, मान हलली. तूच व्हतीस?"

"हो आई, मीच!" कॅन्टीनमधले सगळे वळून बघतील इतक्या जोरात मी ओरडले.

"कशावरनं?"

मी ग्रॅज्युएट. लगेच एक खूण ठरवली. तीनदा डावीकडे वळवेन, म्हणजे मी समज, असं सांगितलं. ती म्हणाली, "आज मी तीनदा बघनार, उद्या तो पन बघंल की." मग म्हणाली, "टीव्हीवर ते बॉम टाकनारं ड्रोन दाखवतात, त्याचा आवाज तरी येत आसंल लोकान्ला. माझ्या कानाला ह्याचा तो बी नाय."

पुढच्या रविवारी तिने स्वतःच कॅमेरा उतरवून माझ्या बॅगेत ठेवला. मी अडवलं नाही. ती सुरक्षित हवी होती मला. पण मला ती दुपारही हवी होती, आणि दोन्ही एकदम मिळत नव्हतं.

आता आम्ही व्हिडिओ कॉल करतो. तिला स्मार्टफोन घेऊन दिलाय. पासवर्ड तिने स्वतः ठेवला, मलाही सांगितला नाही, ते मला आवडलं. पण फोन धरायला एक हात लागतो. डब्याला टेकवून ठेवला तर घसरतो आणि मला पंखा दिसत राहतो. म्हणून ती डाव्या हातात फोन धरते आणि उजव्याने बोलते. कारखान्याच्या भाषेतल्या निम्म्या खुणा दोन हातांच्या आहेत.

काल तिने काहीतरी बराच वेळ सांगितलं. मध्येच स्वतःच हसली, डोळे पुसले आणि पुन्हा सुरू झाली. माझ्यापर्यंत फक्त उजवा हात येत होता. मी "काय?" म्हणून दोनदा विचारलं, हातानेही. तिला ऐकू आलं नाही, आणि सांगण्याच्या भरात तिने माझा हातही बघितला नाही. ती सांगतच राहिली.