वण नव्हता, तरी सांगितलं

लग्न होऊन लोह्याला आले तेव्हापासून घरात माझं एकच नाव होतं, आळशी. कापूस वेचताना माझी ओळ सगळ्यांच्या मागं राहायची. पाण्याची घागर घेऊन चढ चढताना मी मधेच बसायची. "नाटकं करून राहिली," सासूबाई म्हणायच्या. हळूहळू मलाही ते खरंच वाटू लागलं.

चाळिशीनंतर पाय सुजायला लागले, छाती धडधडायला लागली. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी इको केला आणि म्हणाल्या, "हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र आहे. जन्मापासूनचं."

मी पडल्या पडल्याच नवऱ्याकडं वळले. "ऐकलं ना? घरी गेल्यावर आईला मोठ्यानं सांगा."

मला रडू आलं नाही. राग आला, इतक्या वर्षांचा.

छाती न उघडता ते बुजवता येत होतं. लातूरच्या दवाखान्यात मांडीतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेली आणि तिच्यातून जाळीची चकती छिद्रावर बसवली. दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्यात चालत होते. मांडीवर टोचल्याची खूण होती, तीही पुढं गेली.

सासूबाईंना तेवढंच बरं वाटलं. "वण न्हाई, काही न्हाई. पोरगी लग्नाची हाय, कुठं बोलू नको."

पण पाहुणे मुलीला बघायला आले आणि मुलाच्या आईनं विचारलं, "घरात कुणाला काही आजार?" सासूबाईंनी "न्हाई" म्हणायच्या आत मी बोलले, "मला हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. लातूरला बुजवलं. पोरीचा इको केलाय, तिला काही न्हाई. तुमच्या पोराचाबी करून घ्या."

पाहुणे अर्धा चहा टाकून उठले. "पोरीचं वाटोळं केलंस!" सासूबाई ओरडल्या. मुलगी कप उचलत म्हणाली, "आज्जी, पुढच्या वेळी मीच सांगणार."

तिनं सांगितलंही. एका घरचे पुन्हा फिरकले नाहीत. त्यानंतर आलेल्या किल्लारीच्या मुलानं मात्र मलाच विचारलं, "आता दम लागतो का, मावशी?"

"शेतावर चल, दाखवते," मी म्हटलं. तो हसला, आणि खरंच आला. तिथंच लग्न जमलं.

सासूबाई अजून लोकांना सांगतात, सुनेला गॅसचा त्रास होता. मी जवळ असले तर तिथल्या तिथं म्हणते, "गॅस न्हाई. छिद्र होतं."